ठिणगीची वेळ : गॅसवर चालणाऱ्या जुन्या मोटारीस इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर बसविण्याचा पाठ



आपल्या विद्यालयाच्या प्रयोगशाळेतील कपाटात एक जुना, काळवंडलेला डिस्ट्रिब्युटर ठेवलेला आहे. तो आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने आणून दिला. इतिहासाच्या शिक्षकाने यंत्रावर पाठ का लिहावा, असे कोणास वाटेल; परंतु या वस्तूत आपल्या परिसराचा इतिहास आहे आणि कार्यकारणभावाचे उत्तम उदाहरणही आहे.

हा भाग प्रीमियर पद्मिनी मोटारीचा. कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी मूळची फियाट ११००. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घन सेंटिमीटरचे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरणच होते. १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन झाली. पुढे धुराने त्रस्त झालेल्या नागरिकांनी १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि जुन्या टॅक्सी स्वच्छ इंधनावर नेण्याचे आदेश निघाले. पद्मिनींच्या डिकीत गॅसची टाकी आली, बॉनेटखाली रेग्युलेटर आला, कार्बोरेटरवर मिक्सर बसला. अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. परंतु गॅसवर चालणाऱ्या जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या कल्याण नाका आणि अंजूरफाटा परिसरातील गॅरेजांत आजही येतात. त्यांचे इंधन बदलले. ठिणगी देणारी व्यवस्था मात्र अनेकदा पेट्रोलच्या काळातलीच राहिली. दुखणे तेथेच आहे.

ठिणगी कशी पडते?

१८३१ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. फॅरेडे लोहाराचे पुत्र. शालेय शिक्षण जेमतेम, उमेदवारी पुस्तकबांधणीच्या दुकानात. बांधावयास आलेली पुस्तके वाचता वाचता ते विज्ञानाकडे वळले. त्याच तत्त्वावर विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी मोटारीसाठी बॅटरीवरील प्रज्वलनव्यवस्था विकसित केली.

कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. पहिलीतून बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह वाहतो. तो अकस्मात तोडला की चुंबकक्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. प्रवाह तोडण्याचे काम जुन्या डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट करतात. तो दाब योग्य प्लगकडे पोहोचविण्याचे काम रोटर आणि कॅप करतात.

आता गणित पाहा. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांना मिनिटास ६००० ठिणग्या लागतात, म्हणजे सेकंदास १००. या वेगात क्रँकच्या एका अंशास सेकंदाचा अठरा हजारावा भाग मिळतो. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. केसाएवढी झीज साऱ्या इंजिनाची वेळ चुकविते.

गॅसला काय हवे?

नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन. तो पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो; म्हणून ठिणगी काही अंश आधी पडावी लागते. त्याचे मिश्रण पेटविण्यास ठिणगीही अधिक जोरकस लागते. ठिणगी क्षीण किंवा उशिराची असेल तर ज्वलन लांबते. इनलेट व्हॉल्व्ह पुन्हा उघडेपर्यंत सिलिंडरमध्ये ज्योत शिल्लक राहिली, तर ती मॅनिफोल्डमधील गॅसमिश्रणास पेटविते आणि मोठा आवाज होऊन मिक्सर किंवा एअर फिल्टरची पेटी फुटते. यालाच बॅकफायर म्हणतात.

आपला तो माजी विद्यार्थी एका गॅरेजमध्ये हेल्पर होता. तेथे एका गाडीचा मिक्सर लागोपाठ तीनदा फुटला आणि तीनदा नवा बसविला गेला. मिक्सर का फुटतो, असे त्याने विचारले. “तू पाना दे, बाकी तुझे काम नाही,” असे उत्तर मिळाले. गाडी चौथ्यांदा आली तेव्हा त्याने फिलर गेज घेऊन पॉइंटची फट मोजली. ती नेमल्या मापाच्या निम्मीही नव्हती. दोष मिक्सरचा नव्हताच.

बसविण्याचा क्रम

इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरमध्ये घासणारे पॉइंट नसतात. चुंबकीय पिकअप किंवा हॉल संवेदक (एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर चालणारा) शाफ्टची स्थिती ओळखतो आणि मॉड्यूल कॉइलचा प्रवाह तोडते. झीज नाही म्हणून वेळ टिकते. कॉइल पुरती भारली जाते म्हणून ठिणगी जोरकस पडते.

१. प्रथम टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा. नळीतील उरलेला गॅस इंजिन चालवून संपवावा आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. गॅसची टाकी सुमारे २०० बार दाबाची असते. तिला व तिच्या नळीला हात लावणे हे अधिकृत केंद्राचे काम.

२. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून छिद्रावर अंगठा ठेवावा. क्रँक फिरविताना हवेचा दाब जाणवला की तो कॉम्प्रेशनचा टप्पा. पुलीवरील खूण जुळवावी. रोटर कोणीकडे वळलेला आहे व कोणत्या दिशेने फिरतो, हे खडूने नोंदवावे.

३. जुना भाग काढून नव्याशी ताडून पाहावा. खालचे चालक टोक, शाफ्टची लांबी आणि फिरण्याची दिशा एकच हवी. या तिन्हींपैकी एक जरी जुळले नाही तर तो भाग बसवू नये.

४. रोटर पहिल्या प्लगच्या तारेकडे येईल असा नवा डिस्ट्रिब्युटर बसवावा. तारा फिरण्याच्या दिशेने १-३-४-२ या क्रमाने लावाव्यात.

५. मॉड्यूलला इग्निशन स्विचमधून पुरते १२ व्होल्ट आणि स्वच्छ अर्थिंग द्यावे. त्यास सांगितलेलीच कॉइल वापरावी. विसंगत कॉइलने मॉड्यूल जळते. प्लगची फट गॅससाठी थोडी कमी, साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवावी.

६. सर्व जोड साबणाच्या पाण्याने तपासून, गळती नाही याची खात्री झाल्यावरच इंजिन सुरू करावे. व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे आणि टायमिंग लाइटने वेळ पाहावी. गॅसवर पेट्रोलच्या मापाहून साधारण पाच ते दहा अंश आधीची वेळ मानवते. गाडी दोन्ही इंधनांवर चालत असेल तर पेट्रोलवर चढणीला इंजिन खडखडते का ते ऐकावे. खडखडल्यास वेळ थोडी मागे घ्यावी.

एक सावधगिरी. कॉम्प्रेशन गळलेल्या इंजिनास किंवा तडकलेल्या प्लगतारांना नवा डिस्ट्रिब्युटर वाचवू शकत नाही. आधी निदान, मग उपाय.

या पाठाचा अर्थ

तथागतांनी दुःख पाहिले, मग त्याचे कारण शोधले. कारण दूर झाल्याविना कार्य थांबत नाही, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार गॅरेजमध्येही तितकाच खरा आहे. तीन मिक्सर बदलणाऱ्याने कार्यावर प्रहार केला. फट मोजणाऱ्याने कारण शोधले.

आपल्या पूर्वजांना काम जन्माने नेमून दिले गेले, पण त्यामागचे कारण विचारण्याचा अधिकार दिला गेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाल्यावर सरकारला सादर केलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, त्या याच अधिकारासाठी. केवळ हातात पाना येणे पुरेसे नाही. तो का फिरवायचा हे कळले पाहिजे.

तुमच्यातील काही जण उद्या गॅरेजात, यंत्रमागावर किंवा गोदामात काम कराल. त्यात कमीपणा नाही. मात्र “तुझे काम नाही” असे कोणी म्हटले, तर वाद न घालता फिलर गेज उचला आणि मोजा. कपाटातील तो डिस्ट्रिब्युटर त्यासाठीच ठेवला आहे. तो उघडून पाहण्यास कोणाची परवानगी लागत नाही.