८ जीबी रॅम, कर्नलला दिसते ३ जीबी

प्रश्न : मी लिहीत असलेल्या कर्नलला ग्रब ८ जीबीऐवजी सुमारे ३ जीबीच रॅम सांगतो. चूक कुणाची?

उत्तर : तुम्ही बहुधा मल्टिबूटचं ‘मेम_अपर’ वाचताय. ते १ एमबीपासून पहिल्या पोकळीपर्यंतचंच माप देतं, आणि ४ जीबीखालचे काही पत्ते पीसीआय उपकरणांसाठी राखलेले असतात; हीच ती पोकळी. ‘मेम_अपर’वर विसंबू नकाच. फ्लॅग्जचा बिट ६ तपासून मेमरी मॅप वाचा. प्रत्येक नोंदीच्या ‘साइझ’मध्ये ते ४ बाइटचं फील्ड स्वतः धरलेलं नसतं, म्हणून पुढच्या नोंदीकडे सरकताना ४ मिळवा. इथे भलेभले अडकतात! पत्ते ६४-बिटच ठेवा. फक्त प्रकार १च्या (वापरण्याजोग्या रॅमच्या) नोंदी वापरा; नोंदी एकमेकींवर आल्या, तर राखीव नोंद ग्राह्य धरा. लिहून-वाचून रॅम चाचपणं मात्र टाळा, तिथे एखाद्या उपकरणाचं रजिस्टर असू शकतं. रॅमची मर्यादा हाताने देता यावी म्हणून लिनक्ससारखा ‘मेम=’ पर्यायही ठेवा.