तीन जुन्या बातम्या

[अमेरिकेतील ‘अर्पानेट’ या जुन्या संगणक-जाळ्यात १९८० साली एक विचित्र बिघाड झाला. तो कसा झाला, तंत्रज्ञांनी तो कसा शोधला आणि कसा दूर केला, याची हकिकत या पाठात सांगितली आहे.]

मुलांनो, घड्याळात अकरा मोठे की एक? तुम्ही म्हणाल, “हा काय प्रश्न झाला? अकराच मोठे!” बरे, आता असे समजा, की तुमची शाळा अकरा वाजता भरली आणि मधली सुट्टी एक वाजता झाली. यांतली नंतरची वेळ कोणती? एक वाजताची. म्हणजे घड्याळात लहान आकडाही नंतरचा असू शकतो. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

आज आपण इंटरनेट हा शब्द रोज ऐकतो. या इंटरनेटचे पूर्वज म्हणजे अर्पानेट. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून ते उभे राहिले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील संगणकावरून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाला पहिला संदेश पाठवण्यात आला. ‘लॉगिन’ हा इंग्रजी शब्द एकेक अक्षर करून पाठवायचा होता. ‘एल’ पोहोचले, ‘ओ’ पोहोचले आणि पलीकडचा संगणक बंद पडला! थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला आणि काम पुढे गेले. बिघाडाची सोबत या जाळ्याला अशी पहिल्या दिवसापासूनच होती.

दूरदूरचे संगणक एकमेकांना थेट जोडलेले नव्हते. प्रत्येक ठिकाणी लोखंडी कपाटाएवढा एक वेगळा छोटा संगणक ठेवलेला असे. (त्या काळी कपाटाएवढ्या संगणकालाही छोटा म्हणत!) त्याचे नाव ‘इंटरफेस मेसेज प्रोसेसर’. सगळे त्याला ‘इम्प’ म्हणत. संदेशाचे लहान लहान तुकडे करायचे, ते शेजारच्या इम्पकडे द्यायचे, त्याने पुढच्याकडे द्यायचे, असे करत ते मुक्कामावर पोहोचवायचे, हे इम्पचे काम. सर्व इम्पना नंबर दिलेले होते.

पण कोणता तुकडा कोणत्या वाटेने पाठवायचा, हे इम्पला कसे कळे? १९७९ पासून त्यासाठी एक नवी पद्धत सुरू झाली होती. प्रत्येक इम्प आपल्या तारांवर किती उशीर होतो, हे मोजत असे आणि त्याची बातमी शेजाऱ्यांना देत असे. शेजारी ती त्यांच्या शेजाऱ्यांना देत. बघता बघता ती बातमी जाळ्यातल्या प्रत्येक इम्पकडे पोहोचे. सर्वांच्या बातम्या जमवून प्रत्येक इम्प सगळ्या जाळ्याचा नकाशा मनाशी तयार करी आणि त्यावरून जवळची वाट निवडी. दर मिनिटाला निदान एक तरी बातमी प्रत्येक इम्पने दिलीच पाहिजे, असा नियम होता.

आता एक अडचण उरली. एकाच इम्पच्या दोन बातम्या आल्या, तर ताजी कोणती आणि शिळी कोणती? यासाठी प्रत्येक बातमीला क्रमांक दिलेला असे. ताजी बातमी ठेवून घ्यायची आणि पुढे पाठवायची, शिळी टाकून द्यायची. क्रमांकासाठी सहा बिटांची जागा ठेवली होती. सहा बिटांत ० ते ६३ एवढेच आकडे मावतात. मग ६३ नंतर काय? पुन्हा ०. अगदी आपल्या घड्याळासारखे! म्हणून नियम असा केला होता, की एका क्रमांकापासून पुढे मोजत गेल्यास ३२ पावलांच्या आत जो क्रमांक येतो तो ताजा समजायचा. मोजताना ६३ नंतर ० धरायचा. ३२ वे पाऊलही त्यात धरायचे. एका इम्पच्या, जवळजवळच्या क्रमांकांच्या बातम्याच एका वेळी जाळ्यात फिरत असतील, तर हा नियम बिनचूक चाले. आणि नेहमी तसेच असे.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी मात्र तसे नव्हते. त्या दिवशी अर्पानेट जवळजवळ पूर्णपणे ठप्प झाले. संदेश जाईनात. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज शहरात ‘बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन’ या कंपनीत जाळ्याचे नियंत्रण केंद्र होते. एरवी सर्व इम्प आपली खबर तेथे कळवत. आता ती खबरही धड येईना. एखादा इम्प बिघडला असता, तर गोष्ट वेगळी होती. येथे तर सगळेच एकदम गप्प झाले होते.

असे काही झाले की आपण आधी तार तपासतो, खटका पाहतो. पण देशभरच्या तारा एकाच वेळी कशा तुटतील? तंत्रज्ञांनी काही इम्पच्या स्मृतीची नक्कल काढली आणि ती वाचायला घेतली. हे काम मोठे कंटाळवाणे. पानेच्या पाने नुसते आकडे! पण याच आकड्यांत गुन्हेगाराचा माग होता. स्मृतीत बातम्यांची गर्दी झाली होती आणि त्या बातम्या एकाच इम्पच्या होत्या, नंबर ५० च्या. त्यांचे क्रमांकही तीनच होते : ८, ४० आणि ४४. पुन्हा ८, ४०, ४४. पुन्हा तेच.

आता हे तीन क्रमांक आपल्या नियमाला लावून पाहा. ८ पासून ३२ पावले मोजली, की ४० येतो. म्हणून ८ पेक्षा ४० ताजा. ४० पासून चार पावलांवर ४४. म्हणून ४० पेक्षा ४४ ताजा. आणि ४४ नंतर? ६३ पर्यंत १९ पावले, ० ला विसावे, ८ ला अठ्ठाविसावे. म्हणून ४४ पेक्षा ८ ताजा! असे हे चक्र. प्रत्येक बातमी आधीच्या बातमीहून ताजी ठरत होती. त्यामुळे प्रत्येक इम्प ती आनंदाने ठेवून घेई आणि शेजाऱ्यांना देई. तेवढ्यात पुढची येई. बातमी देण्याघेण्याचे काम सर्वांत महत्त्वाचे मानलेले होते. ते संपल्याशिवाय बाकीची कामे करायला इम्पला सवड मिळत नसे, आणि आता ते संपतच नव्हते. गंमत पाहा, एकही इम्प नियम मोडत नव्हता. सगळे नियमाप्रमाणे वागत होते, म्हणूनच जाळे बंद पडले होते.

पण हे तीन क्रमांक एकाच वेळी आले कोठून? सहा बिटांत ४४ असा लिहितात : १०११००. त्यातला चौथा बिट गळाला, म्हणजे १ च्या जागी ० झाला, तर १०१००० उरते. हे झाले ४०. आता पहिलाही बिट गळाला, तर ००१००० उरते. हे झाले ८. नंबर ५० च्या शेजारी नंबर २९ चा इम्प होता. त्याच्या यंत्रात दोष होता आणि त्याच्याकडून असे बिट गळत होते. एका खऱ्या बातमीच्या तिथे तीन झाल्या. तारेवरून जाताना संदेश बिघडला तर तो ओळखण्याची सोय होती. पण इम्पच्या स्मृतीत पडून असताना तो बिघडला, तर ते ओळखण्याची सोय नव्हती. ज्याच्या नावाने सगळा गोंधळ चालला होता, तो नंबर ५० बिचारा निर्दोष होता.

मूळ सापडले तरी उपाय सरळ नव्हता. एखादा इम्प बंद करून पुन्हा सुरू केला, तर त्याची स्मृती कोरी होईल. पण क्षणभरच. शेजारचा इम्प त्या तीन बातम्या लगेच त्याच्या हातात ठेवील. अशा वेळी एकाने विसरून भागत नाही. सर्वांनीच विसरायला हवे. म्हणून इम्पच्या प्रोग्रॅममध्ये छोटीशी दुरुस्ती करण्यात आली. नंबर ५० ची कोणतीही बातमी आली, तरी तिच्याकडे लक्ष द्यायचे नाही, एवढीच ती दुरुस्ती. चक्र थांबले आणि काही तासांनी जाळे पुन्हा चालू झाले.

त्या कंपनीतील एरिक रोझेन यांनी १९८१ साली या सर्व प्रकाराचा अहवाल लिहिला. आपल्याच पद्धतीतले दोष त्यांनी त्यात मोकळेपणाने मांडले. तो कोणालाही वाचता यावा असा प्रसिद्ध झाला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पुढे १९८३ मध्ये रेडिया पर्लमन या विदुषींनी असे चक्र तयारच होऊ नये, अशी पद्धत सुचवली. अर्पानेट १९९० साली बंद झाले. इम्पही गेले. पण आजच्या अनेक जाळ्यांत वाट ठरवण्यासाठी ‘ओ. एस. पी. एफ.’ नावाची पद्धत वापरतात. तिच्यातही यंत्रे एकमेकांना बातम्याच देतात. फरक एवढा, की तेथे क्रमांकासाठी सहा नव्हे, बत्तीस बिट असतात आणि क्रमांक गोल फिरत नाहीत, सरळ वाढत जातात. शिवाय प्रत्येक बातमीला वय असते. ती यंत्राच्या स्मृतीत पडून असली, तरी तिचे वय वाढत राहते. तासाभरात नवी बातमी आली नाही, तर जुनी काढून टाकली जाते.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) इम्पचे काम कोणते होते?
(आ) कोणत्या नंबरच्या इम्पकडून बिट गळत होते?

२. कारणे लिहा.
(अ) एकच इम्प बंद करून पुन्हा सुरू केल्याने बिघाड दूर झाला नसता.
(आ) नंबर ५० चा इम्प निर्दोष होता.

३. पाठातील नियम वापरून सांगा : ६० आणि ५ यांपैकी ताजा क्रमांक कोणता? २० आणि ५० यांपैकी कोणता?