डॉइट्झ : इंजिनांच्या पहिल्या कारखान्याची गोष्ट

शेतातला ट्रॅक्टर आणि रस्त्यावरची मोटारसायकल यांच्या पोटात धडधडणाऱ्या इंजिनाचे घराणे शोधत गेलो, तर आपण जर्मनीत, ऱ्हाईन नदीकाठच्या कोलोन शहरी पोहोचतो.

निकोलाउस ओटो हा फिरता विक्रेता. चहा-साखर विकणे हा त्याचा धंदा. यंत्रशास्त्राचे शिक्षण काहीच नाही. १८६० मध्ये पॅरिसच्या लेनवारचे वायूवर चालणारे इंजिन गाजले आणि ओटोला इंजिनाचे वेड लागले. साथ मिळाली ऑयगेन लांगेन या साखर कारखानदाराच्या मुलाची. तो शिकलेला अभियंता होता आणि गाठीला पैसाही होता. ३१ मार्च १८६४ रोजी दोघांनी कारखाना काढला. फक्त इंजिने बनवणारा जगातील हा पहिला कारखाना मानतात. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या यंत्राचा खडखडाट फार होता, पण लेनवारच्या निम्म्याहून कमी वायू त्याला पुरला. सुवर्णपदक मिळाले ते या काटकसरीला!

पुढे कारखाना नदीपलीकडे डॉइट्झला गेला. तेच त्याचे नाव झाले. १८७२ मध्ये गॉटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख तिथे रुजू झाले. १८७६ मध्ये ओटोचे फोर स्ट्रोक इंजिन चालले. उभ्या इंजिनात पाहा : दट्ट्या खाली येताना हवा व वायूचे मिश्रण ओढून घेतो, वर जाताना ते दाबतो, ठिणगीने मिश्रण पेटले की खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर जाताना जळका वायू बाहेर घालवतो. चारांतल्या एकाच फेरीत शक्ती मिळते. बाकीच्या तीन जड चाकाच्या गतीवर निघतात. खरी किमया मिश्रण दाबण्यात आहे.

हे पेटंट मात्र १८८६ मध्ये रद्द झाले. ब्यू द रोशा या फ्रेंच अभियंत्याने १८६२ मध्येच हे चार टप्पे एका पुस्तिकेत मांडले होते. त्याने इंजिन बांधले नव्हते, तरी न्यायालयाने कागद ग्राह्य धरला. निकाल बरोबर की चूक, यावर वर्गात वाद घालून पाहा. ओटो १८९१ मध्ये वारला.

१९२७ मध्ये डॉइट्झचा १४ अश्वशक्तीचा डिझेल ट्रॅक्टर निघाला. पण लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात आला तो १९३६ चा, अवघ्या ११ अश्वशक्तीचा. दुसऱ्या महायुद्धात तेल मिळेनासे झाले, तेव्हा लाकडापासून काढलेल्या वायूवर ट्रॅक्टर चालवले. याच काळात कारखान्यात परदेशी लोकांना सक्तीने राबवले गेले, हेही सांगितले पाहिजे. १९५० पासून ट्रॅक्टरना हवेने थंड होणारी इंजिने बसली. पाणी नको, रेडिएटर नको, हिवाळ्यात गोठण्याची धास्ती नाही.

१९७४ मध्ये नाशिकच्या किर्लोस्कर ट्रॅक्टर्सने याच कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनवायला घेतले. १९८५ मध्ये डॉइट्झने अमेरिकेतील अ‍ॅलिस-चामर्सचा शेतीयंत्रांचा धंदा विकत घेतला आणि तो अंगाशी आला. अखेर १९९५ मध्ये ट्रॅक्टर विभाग इटलीच्या सामे कंपनीला विकला गेला. हिरवे डॉइट्झ-फार ट्रॅक्टर आता इटालियन मालकीचे आहेत. कोलोनची कंपनी मात्र अजून इंजिनेच बनवते.