सड्यावरचा बॉक्साइट आणि हलकी गाडी

प्रश्न : आमच्या चंदगड तालुक्यातल्या बॉक्साइटपासून गाड्यांचे हलके पत्रे बनतात का?

उत्तर : थेट नाही. बॉक्साइट हे ॲल्युमिनियमचं खनिज. तालुक्यातल्या कासारसड्याच्या (सडा म्हणजे पठार) खाणीतला बॉक्साइट हिंडाल्को या ॲल्युमिनियम कंपनीच्या बेळगावच्या कारखान्यात जातो. तिथे कॉस्टिक सोड्यात शिजवून त्यातून ॲल्युमिना ही पांढरी भुकटी काढतात. बेळगावचा ॲल्युमिना प्रामुख्याने सिरॅमिक आणि भट्टीच्या विटांसारख्या कामांना लागतो.

ॲल्युमिनियम धातू हवा असेल, तर ॲल्युमिन्यातून वीज सोडावी लागते. एक टन ॲल्युमिनियमसाठी साधारण चार टन बॉक्साइट आणि १३ ते १५ हजार युनिट वीज खर्ची पडते. म्हणून महाग.

मग गाडीवाले ॲल्युमिनियम का घेतात? पोलादाच्या तुलनेत त्याचं वजन एक तृतीयांश. ताठपणाही तेवढाच कमी असल्याने पत्रा जाड घ्यावा लागतो, तरी वजनाची बचत उरतेच. गाडीचं वजन दहा टक्के घटलं, की इंधन सुमारे सहा ते आठ टक्के वाचतं.

फोर्डने २०१५च्या एफ-१५० पिकअपची बॉडी ॲल्युमिनियमची केली. गाडी सुमारे तीनशे किलोंपर्यंत हलकी झाली. सांधे मुख्यतः रिव्हेट आणि चिकट द्रव्याने जोडले. पत्रा पुरवणाऱ्यांत नोव्हेलिस होती, २००७पासून हिंडाल्कोच्याच मालकीची कंपनी.

आणि सिरॅमिकच्या रूपात ॲल्युमिनाही गाडीत असतोच : पेट्रोल गाडीचा स्पार्क प्लग काढून पाहिला, तर त्याचा पांढरा भाग ॲल्युमिन्याचाच असतो.