कथेवाचून स्थळ : ‘स्थानपोथी’ आणि भूमिकाखेळांच्या स्थलपुस्तिका

मराठी समीक्षेत स्थळाचा विचार बहुधा ‘वातावरणनिर्मिती’ या सदराखाली उरकला जातो. प्रादेशिक कादंबरीच्या चर्चेत प्रदेशाला पात्राचा दर्जा दिला गेला हे खरे. परंतु तेथेही प्रदेश कथेच्या स्वाधीनच राहतो. ज्या लेखनात कथाच नाही, केवळ स्थळे आहेत, त्याला वाङ्मयविचारात कोठे जागा द्यावयाची, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. प्रस्तुत लेखात अशा लेखनाची, परस्परांशी कोणताही ऐतिहासिक संबंध नसलेली, दोन उदाहरणे शेजारी ठेवून हा प्रश्न तपासावयाचा आहे.

१

पहिले उदाहरण परके आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चारपाच जण मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन अद्भुत जगाचे वर्णन करतो, इतर जण एकेका पात्राच्या वतीने काय करावयाचे ते सांगतात आणि अनिश्चित गोष्टींचा निर्णय फाशांच्या दानाने होतो. जग सूत्रधाराने स्वतः रचावे, अशी मूळ अपेक्षा होती. तथापि १९७६ मध्येच मूळ प्रकाशनसंस्थेबाहेरच्या मंडळींनी तयार स्थळे छापून विकावयास आरंभ केला. ‘पॅलेस ऑफ द व्हँपायर क्वीन’ ही त्यांतील अगदी आरंभीची पुस्तिका. त्याच वर्षी ‘जजेस गिल्ड’ या संस्थेने एका संपूर्ण कल्पित नगराचा नकाशा, दुकानादुकानाच्या नोंदींसह, प्रसिद्ध केला. पुढे २००० मध्ये खेळाचे नियम मुक्त परवान्याखाली आल्यावर अशा स्वतंत्र पुस्तिकांचे पीकच आले. २०२३ च्या आरंभी हा परवाना आवळण्याचा कंपनीचा प्रयत्न खेळाडू आणि लहान प्रकाशक यांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला.

या पुस्तिकांचे स्वरूप लक्षणीय आहे. तीत नायक नाही आणि शेवटही नाही. खोली कोणती, दार कोणत्या दिशेला, आत कोण आहे आणि त्याला काय हवे आहे, गावात कोणत्या अफवा आहेत, एवढेच असते. डेव्हिड मॅक्ग्रोगन यांच्या ‘यून-सूइन’ (२०१४) या पुस्तकात तर बराचसा भाग तक्त्यांचाच आहे. दान टाकून प्रत्येक सूत्रधाराने आपापले नगर सिद्ध करावयाचे. झेडेक स्यू आणि मुन काओ या मलेशियन जोडीने २०१८ पासून काढलेल्या ‘अ थाउजंड थाउजंड आयलंड्स’ या मालिकेतील पातळ पुस्तिकांनी आग्नेय आशियाची लोकसृष्टी याच रूपात मांडली.

२

दुसरे उदाहरण घरचे आहे. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्याला पूरक अशी, मुनिव्यासांच्या नावावर सांगितली जाणारी ‘स्थानपोथी’ चौदाव्या शतकातील मानली जाते. वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे ती अभ्यासकांना सुलभ झाली. श्रीचक्रधर जेथे जेथे राहिले, बसले, जेवले, त्या स्थळांची ही नोंद आहे. गाव कोणते, देऊळ कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, आसनाची जागा नेमकी कोठे, अशा क्रमाने ती चालते. लीळा येथे गृहीत धरलेली आहे, सांगितलेली नाही.

या पोथीचा उपयोग आजवर मुख्यतः ऐतिहासिक भूगोलाचे साधन म्हणून झाला. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी ‘कनेक्टेड प्लेसेस’ (२००३) या ग्रंथात महाराष्ट्रातील तीर्थयात्रा आणि प्रदेशकल्पना यांचा संबंध उलगडला. पोथीच्या रचनाबंधाचा विचार मात्र वाङ्मयाच्या वर्गात क्वचितच होतो. तिच्यात विशेषणे कमी आणि दिशा अधिक का आहेत? कारण वाचकाला तेथे जाऊन नमस्कार करावयाचा आहे. ‘रम्य’ या शब्दाने वाट सापडत नाही. ‘उत्तरेस’ या शब्दाने सापडते.

३

दोन्ही लेखनांत साम्य आहे ते येथे. दोहोंत स्थळ हे क्रियेसाठी लिहिलेले आहे. भेदही तितकाच मूलभूत आहे : ‘स्थानपोथी’तील स्थळ ही झालेल्या क्रियेची जागा, तर स्थलपुस्तिकेतील स्थळ ही होऊ शकणाऱ्या क्रियेची. एकात स्मरण आहे, दुसऱ्यात शक्यता. म्हणून पहिल्याला नेमकेपणा पुरतो. दुसऱ्याला नेमकेपणाबरोबर अपुरेपणाही मुद्दाम राखावा लागतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. महानुभावीय परंपरेत एकाच लीळेची भिन्न स्मरणे ‘वासना’ म्हणून नोंदविली गेली. एक ठेवून दुसरे पुसले गेले नाही. स्थलपुस्तिकेतील अफवांचा तक्ताही परस्परविरोधी वार्ता शेजारी ठेवतो. हेतू अर्थात वेगळे आहेत. एकीकडे श्रद्धेचा काटेकोरपणा आहे, दुसरीकडे खेळाची सोय.

४

या विचाराची कसोटी पदव्युत्तर वर्गात एखादे परिचित स्थळ घेऊन पाहता येईल. उल्हास नदीकाठचे शहाड घ्यावे. ‘कारखान्यांच्या धुरात हरवलेले उपनगर’ हे वाक्य वातावरणनिर्मितीचे झाले. त्यावर कोणालाही काही करता येत नाही. नदी फुगली की कोणती वाट बंद होते, बिर्लांच्या विठ्ठलमंदिरात कोणकोणत्या गावचे लोक येतात, रेल्वेच्या अल्याड आणि पल्याड कोण राहतो, हे लिहिले की स्थळ उघडते. २६ जुलै २००५ च्या महापुराने उल्हासकाठच्या लोकांना असे प्रश्न प्रत्यक्षच विचारले होते.

शेजारच्या मोहने येथील कृत्रिम रेशमाचा एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला. अद्भुताच्या लेखकाला हे आयते भग्न नगर वाटेल. परंतु या खेळांच्या परंपरेत भग्न नगर बहुधा लुटण्यासाठीच असते, आणि येथे कामगारांच्या थकीत देण्यांचा प्रश्न कारखाना थांबल्यावरही वर्षानुवर्षे चालला. तेव्हा ‘येथे काय सापडेल?’ याआधी ‘येथे कोणाचे काय अडकले आहे?’ हा प्रश्न लिहावा लागतो. कल्पित स्थळ रचणाऱ्याची नैतिक जबाबदारी येथे सुरू होते.

दुसरे उदाहरण मलंगगडाचे. कोणी त्यास हाजी मलंगांचा दर्गा म्हणतात, कोणी मच्छिंद्रनाथांची समाधी. कादंबरीचे कथानक येथे सहसा एक नाव निवडते आणि त्या निवडीला पुढील घटनांचे बळ देते. स्थळाचा मजकूर दोन्ही नावे, दोन्ही वाटा आणि दोन्ही वाटांनी चढणारी माणसे नोंदवू शकतो. निर्णय वाचकाच्या वर्तनावर सोपवू शकतो. गडाचा वाद त्याने मिटणार नाही. मात्र तो एका शेवटाला बांधलाही जाणार नाही.

तात्पर्य, कथेचा अभाव हे अशा लेखनाचे वैगुण्य नसून ती त्याची रचना आहे. त्याचे मोल ठरविताना ‘वर्णन किती सुंदर?’ याऐवजी ‘या वर्णनाने वाचकाला कोठे जाता येते, काय करता येते आणि तेथे आधीच असलेल्या माणसांचे काय होते?’ असे विचारावयास हवे. या कसोटीवर ‘स्थानपोथी’ ही केवळ भूगोलाची नोंदवही उरत नाही आणि स्थलपुस्तिका केवळ करमणुकीची वस्तू ठरत नाही. मराठीत अशा पुस्तिका पुढे लिहिल्या गेल्या, तर त्यांना परक्या नमुन्यांच्या जोडीला हा सातशे वर्षांचा घरचा नमुनाही उपलब्ध आहे, याचे भान अध्यापकांनी वर्गात जागे ठेवणे इष्ट होय.