मधली फळी कुठे गेली?

प्रश्न : सरकारी बँकांच्या परीक्षेला दरवर्षी लाखो मुलं बसतात. तरी वरच्या पदांसाठी अनुभवी अधिकारी कमी पडतात, असं वाचलं. हे कसं? आमच्या पतसंस्थेचे व्यवस्थापकही दोन वर्षांत निवृत्त होतील आणि त्यांच्यामागे कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. पुढचा साहेब तयार कसा करायचा? (एक वाचक, कराड)

उत्तर : परीक्षेतून बँकेला मिळतो तो पंचविशीच्या आतबाहेरचा अधिकारी. जनरल मॅनेजर व्हायला त्याला पुढे पंचवीस-तीस वर्षं तिथेच मुरावं लागतं. स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष अरुंधती भट्टाचार्य 1977 मध्ये प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागल्या आणि 2013 मध्ये अध्यक्ष झाल्या. मध्ये 36 वर्षं गेली. म्हणजे आज वरच्या खुर्चीसाठी माणूस नसेल, तर तो दोन-तीन दशकांपूर्वी भरतीच झालेला नसतो.

आपल्या बँकांचं तसंच झालं. 19 जुलै 1969 रोजी 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या 8,000 हून थोड्या अधिक शाखा होत्या. 1990 च्या सुमारास त्या 60,000 च्या घरात गेल्या. एवढ्या शाखा चालवायला सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत धडाक्यानं भरती झाली. नव्वदीत संगणक आले, खर्चाला कात्री लागली आणि भरती जवळपास थंडावली. त्यात 2000-01 मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सुमारे 1 लाख कर्मचारी बाहेर पडले. बाहेर दुसरं काम मिळेल अशी खात्री असलेले अनेक जण त्यांत होते.

राष्ट्रीयीकरणानंतर एकदम आत आलेली पिढी मग साठीलाही एकदमच पोचली. 2010 ते 2020 या काळाला बँकवाले ‘निवृत्तीचं दशक’ म्हणू लागले ते त्यामुळे. सरकारी बँकांतल्या मनुष्यबळाचा अभ्यास करायला नेमलेल्या खंडेलवाल समितीनं 2010 मध्येच धोक्याची घंटा वाजवली होती. तोवर वर पिकलेले केस आणि खाली नवी पोरं अशी स्थिती झाली होती. मधली फळी विरळ होती. नंतर भरती जोरात झाली, बढतीसाठी लागणाऱ्या सेवेच्या अटी सैल झाल्या, पण न घेतलेला अनुभव मागच्या तारखेनं देता येत नाही.

प्रश्न : मग प्रशिक्षण केंद्रं कशासाठी आहेत?

उत्तर : केंद्रं आहेत आणि चांगली आहेत. पुण्याची राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था 1969 पासून हेच काम करते. ताळेबंद वाचणं, कायदा, जोखमीचं गणित हे वर्गात शिकता येतं. पण आपल्या अधिकारात, आपल्या सहीनं कर्ज मंजूर करणं आणि ते थकल्यावर त्याच कर्जदाराच्या दारात वसुलीला उभं राहणं, हे शाखेतच शिकायचं. म्हणून जाणत्या बँका होतकरू अधिकाऱ्याला ग्रामीण शाखा, कर्ज विभाग, परकीय चलन, वसुली असं फिरवतात.

गाडं अडतं ते बदलीपाशी. ‘प्रमोशन नको, बदली होते’ हे वाक्य कुठल्याही शाखेत ऐकू येईल. मुलांची दहावी, घरात आजारी आईवडील, दुसऱ्या गावी नोकरी करणारा जोडीदार. कारणं खरी असतात. स्त्रियांना ही किंमत जास्त मोजावी लागते. घरच्या अडचणीच्या वर्षांत बदली पुढे ढकलायची सोय ठेवली नाही, तर चांगली माणसं स्पर्धेतून आधीच गळतात आणि उरलेल्यांतून साहेब निवडावा लागतो.

प्रश्न : आमच्यासारख्या छोट्या संस्थेनं काय करावं?

उत्तर : आधी निवडीचा घोळ टाळा. सगळ्यात जास्त ठेवी आणणारा तोच पुढचा व्यवस्थापक, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या विक्री कर्मचाऱ्यांवरचा एक मोठा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की कंपन्या उत्तम विक्रेत्यालाच बढती देण्याकडे झुकतात आणि हे विक्रेते साहेब म्हणून बरेचदा कमी पडतात. ठेवी आणणाऱ्याला बक्षीस द्या, जरूर द्या. खुर्चीसाठी मात्र बघा की नव्या कारकुनाला काम कोण समजावतं आणि संचालकाच्या ओळखीच्या माणसालाही नियम कोण सांगतं.

दुसरं, बँकांचा एक नियम उसना घ्या. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार बँकेत नाजूक जागांवर काम करणाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान 10 कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर जावं लागतं, तेही आधी कळू न देता. हेतू आहे गैरव्यवहार पकडण्याचा. पतसंस्थेला हा नियम लागू नाही, पण तो पाळलात तर दुसरंही एक उघड होतं : साहेबांशिवाय काय काय अडतं. कुठल्या किल्ल्या, कुठली सही, कुठल्या थकबाकीदाराची हकिकत फक्त त्यांच्याच डोक्यात आहे, ते दहा दिवसांत समजतं.

तेव्हा व्यवस्थापकांना या वर्षी एकदा आणि पुढच्या वर्षी दोनदा अशा रजेवर पाठवा. दर वेळी वेगळ्या माणसाला कार्यभार द्या, ठरावीक रकमेपर्यंत मंजुरीचे अधिकारही लेखी द्या. रजेत साहेबांना फोन करायचा नाही, हे संचालकांनीही पाळायचं. चुका होतील, व्यवस्थापक अजून नोकरीत आहेत तोवर त्या निस्तरता येतील. दोन वर्षांनी निवड करायला बसाल तेव्हा सेवाज्येष्ठतेच्या यादीबरोबर तिघांचं प्रत्यक्ष काम तुमच्यासमोर असेल.