दोघींनी वाटून नेलेलं पुस्तक

आजचं वाचन : स्तोत्र १३७

नऊच वचनं आहेत. दोन मिनिटांत होतात, पण शेवटच्या वचनापाशी अडखळायला होतं. त्याकडे येतेच.

बाबेलला धरून नेलेली माणसं नदीकाठी रडतात, वीणा झाडांना टांगून ठेवतात. यरुशलेमला विसरलो तर उजवा हात निकामी होवो, असं म्हणतात. हातच का? मला याचं उत्तर आर्मेनियन लोकांच्या एका गोष्टीत सापडलं.

१९१५ मध्ये ऑटोमन साम्राज्यातल्या आर्मेनियन लोकांना घरांतून काढून सीरियाच्या वाळवंटाकडे हाकललं गेलं. लाखो माणसं मेली. त्या धामधुमीत मूशजवळच्या एका उद्ध्वस्त मठात दोन बायकांना एक हस्तलिखित सापडलं. १२०० च्या सुमारास कातड्याच्या पानांवर लिहिलेलं, प्रवचनांचं. वजन जवळपास २८ किलो! (ट्रेकची भरलेली सॅक आठवा, म्हणजे कळेल.) एकटीला झेपणारं नव्हतंच. मग दोघींनी त्याचे दोन भाग केले. एक भाग एचमियाद्झिनला पोचला. दुसरा एर्झुरूममध्ये पुरून ठेवावा लागला, तो पुढे सापडला. आज ते पुस्तक येरेवानच्या मातेनादारानमध्ये आहे.

मूसा दागहून १९३९ मध्ये निघालेले लोक लेबनॉनमधल्या अंजारला वसले. तिथल्या सहा वस्त्यांना त्यांनी मागे राहिलेल्या सहा गावांची नावं दिली. सणाला ते गहू आणि मांस रात्रभर मोठ्या भांड्यांत शिजवून, घोटून हरिसा करतात. म्हणजे पुन्हा हातच.

आता ते नववं वचन. शत्रूच्या लेकरांबद्दल इतकं भयंकर काही, तेही पवित्र शास्त्रात? मी कितीतरी वर्षं ते वगळूनच वाचायचे. आता वाटतं, आठवण जपली की राग सोबत येणारच. स्तोत्रकर्ता तो लपवत नाही, देवासमोर ओकून टाकतो. सूड स्वतः घ्यायला मात्र निघत नाही.

आर्मेनियन चर्चने २३ एप्रिल २०१५ रोजी १९१५ च्या बळींना संत म्हणून जाहीर केलं. त्याआधी त्यांच्या आत्म्यांना शांती मिळावी म्हणून प्रार्थना व्हायची. आता 'तुम्हीच आमच्यासाठी प्रार्थना करा' अशी त्यांना विनवणी होते. राग मिटला असं नाही हं. तुर्कस्तान सरकार हा नरसंहार होता हे आजही मानत नाही.

आज नववं वचनही मोठ्याने वाचा. उद्या १३८.